अंगणातले बिनपगारी राखणदार

घराची ओळख दारावरच्या पाटीपेक्षा अंगणावरून लवकर पटते. परंतु अलीकडे अंगण राखणे म्हणजे एक तर फरशी घालणे, नाही तर गवतावर विष फवारणे, असा समज रूढ झाला आहे. तिसरी वाट आहे, आणि ती मी बालाघाटात पाहिली.

बालाघाट वैनगंगेच्या काठी, जबलपूर–गोंदिया लोहमार्गावर. भाताचा मुलूख, हिंदीच्या बरोबरीने मराठी आणि पोवारीही कानी पडते. येथल्या रानांत पळसा-कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचा किडा पोसतात, टसरचे कोसे काढतात. किडा म्हणजे शत्रू, हे येथल्या माणसाला सहसा पटायचे नाही!

या गावी माझी थोरली बहीण राहते. तिच्या परसदारी गाजरगवत माजले होते. यालाच आपण काँग्रेस गवत म्हणतो. मूळचे हे अमेरिका खंडातले. 1956 च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. एकेका झाडाला हजारोंनी बी धरते. अंगाला लागले की कातडीला खाज सुटते, पुरळ उठते. परागांमुळे कित्येकांना दमाही जडतो. ताईच्या हातांवर दोन वर्षे चट्टे होते. तुळशीला पाणी घालायला जायचे, तर तिला लुगड्याचा पदर हाताला गुंडाळावा लागे.

तिच्या मदतीला आला एक भुंगा. पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा, आकाराने मसुरीच्या दाण्याहून थोडा मोठा. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. लोक म्हणतात मेक्सिकन भुंगा. 1983 साली तो मेक्सिकोहून बंगळुरास आणला गेला आणि कसून चाचण्या झाल्यावर पुढील वर्षी मोकळा सोडला गेला. पुढे हा सूर्यफूल खातो असा बोभाटा झाला. पण चौकशीअंती ते पीक त्याचे खरे अन्न नव्हे, असेच ठरले. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेने या भागात त्याचा पुष्कळ प्रसार केला आहे.

त्याचा कारभार मोठा शिस्तीचा. पहिला पाऊस पडला की तो मातीतून वर येतो, पानांवर अंडी घालतो आणि अळ्या कोवळे शेंडे कुरतडू लागतात. संख्या पुरेशी असली, तर झाड फुलावर येण्याआधीच खराटा होऊन जाते. थंडीत स्वारी पुन्हा मातीत झोपी जाते. म्हणून त्या दिवसांत तेथली माती उगाच खणू नये, आणि विष तर कधीच फवारू नये. तणाबरोबर राखणदारही मरतो.

मात्र केवळ खाणारा आणून भागत नाही. रिकामी जागा निसर्गाला आवडत नाही. एक तण गेले की दुसरे येते. तेथे कामी येतो आपला तरोटा, म्हणजेच टाकळा. दिवाळीच्या सुमारास त्याचे बी गोळा करावे आणि पावसाच्या तोंडावर कुंपणाकडेने विखरावे. तो दाट उगवून गाजरगवताला उजेडच मिळू देत नाही. कोवळ्या पानांची भाजी होते, ती निराळीच.

वावरण्याच्या जागी ताईने हरळी राखली आहे, न्हाणीच्या पाण्यावर ब्राह्मी पसरवली आहे. जमीन झाकली म्हणजे ओल टिकते, पावसाने माती वाहत नाही. झेंडू-बडीशेपेच्या फुलांवर ढालकिडे येतात आणि गुलाबावरचा मावा फस्त करतात.

“एवढा पसारा सांभाळतेस कशी?” मी विचारले.

“अरे, मी कुठे सांभाळते? ज्याचे त्याला काम नेमून दिले आहे,” ताई म्हणाली.

ही जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. भुंगा पावसाळ्याचा सोबती. हिवाळ्या-उन्हाळ्यात उगवलेले गाजरगवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावेच लागते. शेजारचे आवार मोकळे राहिले, तर बी वाऱ्यावर पुन्हा येणारच. तेव्हा हे काम एका घराचे नाही, आळीचे आहे.

वाचकहो, फरशी घालण्याचा विचार असेल, तर एक पावसाळा थांबा. मूठभर तरोट्याचे बी टाकून पाहा. खर्च तो काय? आणि कोणी सांगावे, एखाद्या सकाळी रेघांच्या अंगरख्यातला पाहुणा तुमच्याही दारी हजर होईल. त्याला चिरडू नका, एवढीच विनंती.