नळाचे काम : हाताचे आणि डोक्याचेही

तोटी सोडली की पाणी यावे आणि मोरीत ओतलेले पाणी मुकाट्याने निघून जावे, एवढीच आपली अपेक्षा असते. ती पुरी झाली की नळ बसवणाऱ्याची आठवण कुणाला होत नाही. आठवण होते ती भिंतीला ओल आल्यावर! पण घरातल्या माणसांची प्रकृती या कारागिराच्या हाती असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. बिडकीनच्या आसपास आज औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. शाळा संपवून ‘आता काय शिकावे?’ असा विचार करणाऱ्या तिथल्या मुलामुलींनी या धंद्याकडे जरा निरखून पाहावे.

प्लंबर हा शब्द शिसे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. रोमन लोक शिशाचे नळ वापरीत. आपल्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, नहर बांधली. डोंगराकडचे पाणी खापरी नळांतून, निव्वळ उताराने शहरात येई. आज शहराला पाणी मिळते ते पैठणच्या नाथसागरातून. तो पडला सखल आणि शहर उंचावर. म्हणून पंपाने पाणी चढवावे लागते. पैठण रस्त्याच्या कडेने बिडकीनवरून जाणारे मोठाले नळ त्याचेच. उतार असो की पंप, पाणी हलते ते दाबाने, हा धंद्याचा पहिला धडा.

हा दाब मोजता येतो, बरे का! पाण्याची पातळी तोटीपेक्षा दहा मीटर उंच असेल, तर तोटीशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. गच्चीवरची टाकी तीन मीटरच उंच असेल, तर दाब त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मग वरच्या मजल्यावर धार बारीक का, हे कोडे राहत नाही. तसेच, एक इंची नळाचे तोंड अर्ध्या इंची नळाच्या दुप्पट नसते, चौपट असते. हे गणित ज्याला कळले, तो तोटी बदलण्याआधी नळाची जाडी आणि टाकीची उंची पाहतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्या पुष्कळ गावांत पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा सुटते. मधल्या वेळात नळ रिकामा होतो. त्याचा सांधा सैल असेल आणि तो गटारातून नेलेला असेल, तर दाब उतरताच गटाराचे पाणी आत ओढले जाते. कावीळ, विषमज्वर, पटकी ही दुखणी या वाटेने घरात शिरतात. म्हणून चांगला कारागीर चार फूट नळ जास्त लागला तरी चालेल, पण जोडणी गटारातून नेत नाही. भिंतीला गिलावा होण्यापूर्वी नळात दाबाने पाणी भरून सांधे तपासतो. सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात! सांडपाण्याच्या नळाला तो बेताचा उतार देतो आणि संडासाखाली वाकडा नळ बसवतो. त्या वाकणात साचलेले पाणी म्हणजे दुर्गंधीला लावलेले दारच.

हे शिकावे कोठे? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्याव्यात. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. ते जमले नाही, तर जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली राहावे. मात्र नुसता पाना धरून उभे राहू नये. आटे कसे पाडतात, प्लास्टिकचा नळ चिकटवल्यावर किती वेळ हलवायचा नाही, झडप कोठे बसवायची, हे विचारावे आणि वहीत टिपून ठेवावे. घराचा नकाशा वाचता आला आणि सामानाचा हिशेब बिनचूक मांडता आला, की शिकाऊ पोऱ्या मिस्त्री होऊ लागतो.

एक इशारा मात्र मनात पक्का ठेवा. मैल्याच्या टाकीत कधीही उतरू नका, कुणाला उतरवू नका. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही बळी पडतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘मी उतरणार नाही, यंत्राची गाडी बोलवा,’ असे म्हणण्यात कमीपणा नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या घरोघर नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे ठरवले. नळ टाकून होतात. पण ते वर्षानुवर्षे नीट चालायचे, तर गावात जाणता हात हवा. तो हात आपल्या गावचाच असला, तर किती बरे!