घोडखिंडीतले बाकीचे

शाहूवाडी तालुक्यात गजापूरच्या बाजूला, पांढरेपाण्याच्या पुढे, झाडीत दडलेली एक अरुंद खिंड आहे. तिचं जुनं नाव घोडखिंड. १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, शिवाजी महाराज भर पावसात पन्हाळ्याचा वेढा चुकवून निघाले. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे या खिंडीत पाय रोवून उभे राहिले. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत त्यांनी सिद्दी जौहरची फौज अडवून धरली. ही कथा मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही.

मला मात्र बरीच वर्षं एक प्रश्न छळतो. विशाळगडावर बाजीप्रभू आणि त्यांचे भाऊ फुलाजी यांच्या समाध्या आहेत. दरवर्षी जुलैत हजारो तरुण मसाई पठारावरून चिखल तुडवत खिंडीपर्यंत येतात आणि गडावर या समाध्यांपुढे हात जोडतात. पण खिंडीतले बाकीचे? परंपरा सांगते की खिंड लढवणारे सुमारे तीनशे होते. बहुतेकांची घरं इथून खूप दूर, हिरडस मावळात, आजच्या भोर तालुक्याच्या डोंगरात. देह तिथवर नेण्यासारखी परिस्थिती नव्हती. कुणाचं नाव दगडावर कोरलं गेलं नाही. मग त्या घरांनी आपला माणूस लक्षात ठेवला तरी कसा?

या प्रश्नामागे लागलं की मराठी मुलखाचं एक विलक्षण रूप दिसू लागतं. लढाईत गेलेल्यांना लक्षात ठेवण्याच्या इतक्या रीती इथे आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच अक्षरांशिवाय चालतात!

पहिली रीत मानाची. अफझलखानाच्या प्रसंगानंतर दरबारात तलवारीचं पहिलं पान, म्हणजे पहिला मान, कान्होजी जेध्यांकडे होतं. घोडखिंडीनंतर ते बांदलांकडे गेलं. बाहेरून पाहिलं तर हा नुसता दरबारी शिष्टाचार वाटेल. पण तो पिढ्यान्‌पिढ्या चालायचा. बांदलांच्या घरातला कुणी पोरगा पुढे होऊन पहिलं पान घेई, तेव्हा ते आपल्याकडे का आलं हे त्याला ठाऊक असे. दुसरी रीत त्याहून रोखठोक, पोटापाण्याची. पेशवाईच्या दप्तरांत बालपरवेशीच्या नेमणुका सापडतात. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांना आणि विधवेला जगण्यासाठी दिलेली रोख नेमणूक किंवा जमीन म्हणजे बालपरवेशी. कारकुनाच्या कोरड्या नोंदीत मेलेल्याचं नाव टिकून राहिलं, कारण त्या नावावर कुणाचं तरी घर चालत होतं.

त्याहून पाचेकशे वर्षं मागे गेलं तर दगड बोलू लागतात. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातले वीरगळ जिल्ह्यात जागोजाग आहेत. पन्हाळा ही त्यांच्यातल्या दुसऱ्या भोजाची राजधानी होती. करवीर तालुक्यातल्या बीड गावी तर वीरगळांची दाटीच आहे. देवळाबाहेर शेंदूर फासून उभे केलेले हे दगड आपण पुष्कळदा ओलांडून जातो. एकदा समोर बसून पाहावेत, आणि पाहताना खालून वर जावं. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो, कधी शेजारी गायी असतात. गायी असतील तर गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो गेला, असं समजायचं. त्याच्या वरच्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज. तिच्यावर दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताना दिसतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ.

गंमत अशी की महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नाही. कर्नाटकात वीरगळांवर लेख असतात, राजाचं नाव असतं, साल असतं. आपल्याकडे मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला वीरगळांवर अख्खं आरमारी युद्ध कोरलेलं आहे, वल्ह्यांची जहाजं ओळीने दिसतात. पण साध्या गावातला साधा वीर बिननावाचाच. घडवणाऱ्याला ते लागत नव्हतं, कारण दगड गावातच राहणार होता आणि तो कुणाचा हे गावाला माहीत होतं. पुढे गाव विसरलं. तरी शेंदूर लावायचं थांबलं नाही. नाव पुसलं गेल्यानंतर सात-आठशे वर्षं एखाद्या माणसाला नारळ फुटत राहावा, याचं मला फार नवल वाटतं.

आता घरात येऊ. महाराष्ट्रातल्या पुष्कळ देव्हाऱ्यांत कुलदैवतांच्या टाकांबरोबर एक टाक वीराचा असतो. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून घडवलेला, अंगठ्याएवढा किंवा थोडा मोठा. त्यावर बहुधा घोडेस्वार, हातात तलवार. घरातला कुणी पूर्वज लढाईत गेला, तो असा देवांत येऊन बसला. दसऱ्याआधी देव उजळताना घरातली बाई चिंचेने हा टाकही घासते. ठोकलेली आकृती दर वर्षी थोडी गुळगुळीत होते, शेवटी घोडा कुठला आणि स्वार कुठला तेही कळेनासं होतं. मग सोनाराकडून नवा टाक करून आणतात. चेहरा मुळात कुणाचाच नव्हता, त्यामुळे नवा आणि जुना यांत फरक पडत नाही. भाऊ वेगळे झाले की देव बहुधा थोरल्याकडे राहतात आणि सणाला सगळे त्याच्याकडे जमतात.

या वीरांची मोठी मिरवणूक पाहायची तर धूलिवंदनाला नाशिकला जावं. त्या दिवशी घराघरांतले वीर बाहेर पडतात. टाक कापडात, नारळासोबत बांधून घेतलेला, वाजंत्री पुढे, घरातली मुलं नटवलेली. गल्लीगल्लीतून वीर नाचवत गोदावरीवर नेतात, रामकुंडावर त्यांना स्नान घालतात आणि परत आणून देव्हाऱ्यात बसवतात. यातला सर्वांत प्रसिद्ध दाजिबा वीर, त्यालाच बाशिंगे वीर म्हणतात. लग्नाच्या ऐन तोंडावर मारल्या गेलेल्या तरुणाची ती आख्यायिका आहे, म्हणून त्याला बाशिंग बांधतात. ज्याचं लग्न राहून गेलं त्याला शतकानुशतकं दरवर्षी नवरदेव करून मिरवणारं शहर जगात आणखी कुठे असेल तर मला ते पाहायला आवडेल.

पंचांगानेही या माणसांसाठी एक दिवस राखून ठेवला आहे. पितृपक्षात श्राद्ध ज्याच्या त्याच्या तिथीला होतं. पण भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या रकान्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं : शस्त्रादिहत पितृश्राद्ध. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची ही तिथी. हिला घातचतुर्दशीही म्हणतात. लांब कुठे तरी पडलेल्या माणसाच्या मृत्यूची तिथी घराला कळायची कशी? शास्त्रकारांनी ती अडचण ओळखली होती. देहच मिळाला नाही तर काय, याचाही विचार त्यांनी केला. पळसाच्या ३६० देठांची मानवाकृती मांडायची आणि तिला अग्नी द्यायचा. ३६० का, तर चरकाने माणसाच्या शरीरात तेवढी हाडं मोजली आहेत. देह घरी न येणं ही इतकी नेहमीची गोष्ट होती की तिच्यासाठी विधी लिहून ठेवावा लागला.

विसाव्या शतकात मात्र मराठी घरातला माणूस अशा ठिकाणी मरू लागला की ज्याचं नावही घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला, मग शरणागती आणि त्यानंतर वाळवंटातली पायपीट आणि कैद. किती तरी जण तिथून परतलेच नाहीत.

युद्ध संपल्यावर साम्राज्याने मृतांच्या घरी काशाची एक गोल चकती पाठवली. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, हाताच्या पंजात भरेल एवढी. तिच्यावर ब्रिटानिया देवी, तिच्यापुढे सिंह आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत मृताचं नाव. हुद्दा मुद्दाम वगळलेला, सेनापती असो की शिपाई, नाव तेवढंच. हिंदी सैनिकांच्या घरीही ही चकती आली. अक्षरं रोमन. ज्या आईला ती मिळाली तिला बहुतेक वेळा ती वाचता येत नव्हती. तरीही या चकतीत एक मोठी समता होती, असं मी मानतो.

दगडावर मात्र ती समता टिकली नाही. फ्रान्समध्ये नव शापेल इथे १९२७ साली उघडलेल्या हिंदी स्मारकावर ४,७०० हून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत. पण बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं लागली, हिंदी अधिकाऱ्यांची लागली आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा लागला, पलटणीच्या नावापुढे. म्हणजे एकाच गावचे दोघे, एक फ्रान्समध्ये पडला तर त्याला नाव, दुसरा इराकमध्ये पडला तर त्याची गणती. हा अन्याय कबूल व्हायला शंभर वर्षं लागली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने मान्य केलं की ४५ ते ५४ हजार मृतांची स्मृती असमान रीतीने जपली गेली आणि त्याखेरीज किमान १ लाख १६ हजार मृतांची नावंच नोंदली गेली नाहीत, किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही. हे बहुतेक सगळे हिंदी आणि आफ्रिकी. वीरगळावर नाव नसणं आणि बसऱ्याला नाव नसणं या दोन गोष्टी एक नव्हेत. वीरगळाला गाव होतं. बसऱ्याच्या आकड्याला कुणी नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे बदललं. रायगड जिल्ह्यातल्या माणगावच्या बाजूचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचा मोर्चा मारला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण समाधी नाही. कसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे, माणगावात पुतळा आहे आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघडी उभारली. ज्या डोंगरात परक्या मुलखातला एक पोरगा मेला, तिथल्या लोकांनी ऐंशी वर्षांनी त्याची आठवण काढावी, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आता आपल्याकडे नावाची उणीव राहिलेली नाही. २०१९ साली दिल्लीत खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या त्यागचक्रात २५ हजारांहून अधिक नावं ग्रॅनाइटवर आहेत. कोल्हापूर-साताऱ्याच्या गावांत वेशीवर जवानाच्या नावाची कमान दिसते. मराठा लाइट इन्फंट्री ४ फेब्रुवारीला मराठा दिन पाळते, तो १६७० साली तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले तो दिवस. आणि घरातल्या कुणी पुढे होऊन मान घ्यायची जुनी रीतही संपलेली नाही. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या.

हे वाचणाऱ्या शाहूवाडीच्या, पन्हाळ्याच्या, कुठल्याही मराठी गावच्या माणसाला एक विनंती आहे. घरातली जुनी ट्रंक उघडा. एखादं पदक सापडलं तर त्याचा दर्शनी भाग पाहून ठेवून देऊ नका, त्याची कड उजेडात फिरवून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिकांना दिलेल्या पदकांवरही नाव असतं. तो नंबर लिहून घ्या. माणूस युद्धात गेला असेल तर युद्धसमाधी आयोगाच्या यादीत शोधा, ती कुणालाही फुकट पाहता येते. दुसऱ्या महायुद्धातल्या पुष्कळ नोंदींत बापाचं, बायकोचं आणि गावाचं नावही दिलेलं आहे. साहेबाच्या कारकुनाने आडनावं कानाला लागतील तशी लिहिली आहेत, तेव्हा पवार, पोवार, पोआर असं सगळं लावून पाहा. घरात काहीच मिळालं नाही तर सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की देव्हाऱ्यातला घोडेस्वार कोण, आणि चतुर्दशीला ताट कुणासाठी वाढतात. जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा, आणि हे काम पुढच्या पितृपक्षापर्यंत लांबवू नका.