तैलरंगातील व्यक्तिचित्रण : कार्यशाळेसाठी साहित्य कसे निवडावे?

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकवणाऱ्या कार्यशाळेत नाव नोंदवले की पहिला प्रश्न साहित्याचा येतो. दुकानातला २४ रंगांचा संच पाहून अनेक जण तोच उचलतात. प्रत्यक्षात चेहरा रंगवायला चार रंगही पुरतात. वाचलेले पैसे चांगल्या ब्रशवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.

कोणते चार रंग?

स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०-१९२०) यांच्या नावाने ओळखली जाणारी रंगयोजना नवशिक्यांना सोयीची आहे. त्यात पांढरा, यलो ऑकर, लाल आणि काळा एवढेच रंग असतात. आज त्यासाठी टिटॅनियम व्हाइट, कॅडमियम रेड आणि आयव्हरी ब्लॅक घेता येतात. काळ्यात पांढरा मिसळला की निळसर राखाडी छटा मिळते, तर काळा आणि ऑकर मिळून हिरवट. त्वचेच्या सावल्यांना अशाच छटा लागतात. सावळ्या वर्णासाठी बर्न्ट सायनाची एक ट्यूब जोडावी. पांढरा सर्वाधिक संपतो, म्हणून त्याची ट्यूब मोठी असावी. ट्यूबवर ‘ह्यू’ लिहिलेले असल्यास त्यात मूळ महागड्या रंगद्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य असते. सरावाला ते चालते.

ब्रश आणि कॅनव्हास

तैलरंग घट्ट असल्याने जलरंगाचे मऊ ब्रश त्यापुढे टिकत नाहीत. ताठ केसांचे, चपटे किंवा गोलसर टोकाचे तीन-चार ब्रश आणि डोळे-ओठांसाठी एक बारीक मऊ ब्रश पुरेसा. रंग मिसळायला पॅलेट नाइफ हवाच. कॅनव्हास बोर्ड १२ बाय १६ इंचांचा घ्यावा. त्यात डोके, मान आणि खांदे व्यवस्थित बसतात. बोर्डावर प्रायमरचा थर आहे ना, हे पाहावे. कोऱ्या कापडावर थेट रंगवल्यास तेल कापडात मुरते आणि कालांतराने कापड कुजते.

तेल कोणते वापरावे?

जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून कडक होते, म्हणून रंग टिकतो. शेंगदाण्याचे तेल किंवा खोबरेल असे वाळत नाही. रंग पातळ करण्यासाठी टर्पेंटाइनऐवजी कमी वासाचे सॉल्व्हंट निवडले तरी खोली हवेशीरच हवी. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी आयोजकांना आधी विचारून घ्यावे.

कोणता धोका दुर्लक्षित राहतो?

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. अशा चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर उष्णता आत साठून तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

घरी नेताना

कार्यशाळा संपली तरी चित्र ओलेच असते आणि ते वरून वाळायला अनेक दिवस लागतात. त्यामुळे बोर्ड आडवा राहील आणि झाकण रंगाला लागणार नाही, असे उथळ खोके पहिल्याच दिवशी सोबत न्यावे.