काटा हलत का नाही?

व्यायाम सुरू करून दोन-तीन आठवडे झाले की माणूस एका सकाळी उपाशीपोटी, खिशातला मोबाईल आणि हातातलं घड्याळसुद्धा बाजूला ठेवून, वजनकाट्यावर उभा राहतो. आकडा तोच. कधी तर अर्धा किलो वरच. मग घरातल्यांचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं थायरॉईड तपासून घे, कुणी म्हणतं रात्रीचा भात बंद कर, आणि एखादी आत्या ठामपणे सांगते की आपल्या घराण्याची हाडंच जड. हाडांचा यात काही हात नसतो. खरं कारण आत्याबाईंच्या निदानापेक्षा कितीतरी अजब आहे.

मुळात काटा दोनदा अडतो. एकदा अगदी सुरुवातीला आणि एकदा काही महिन्यांनी. आकड्यावरून दोन्ही सारखेच वाटतात, पण आत चाललेल्या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो.

आधी पहिल्या अडण्याचं बघू. सवय नसताना एकदम पन्नास बैठका मारल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मांडीतल्या स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा झालेली असते. ती भरून काढायला तिथे पेशी जमतात, त्यांच्याबरोबर पाणी येतं आणि मांडी किंचित सुजते. डोळ्यांना दिसणार नाही एवढीच, पण काट्याला कळते. दुसरी गोष्ट ग्लायकोजेनची. स्नायू आपलं तातडीचं इंधन या रूपात साठवतात आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. नियमित मेहनत करणारा स्नायू हा साठा वाढवतो, साहजिकच पाणीही वाढतं. तिसरी गोष्ट रक्ताची. धावणं किंवा सायकल सुरू केली की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, दहा टक्क्यांच्या आसपास वाढू शकतो. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता यावं, घाम वेळेवर सुटावा, म्हणून शरीराने केलेली ही तजवीज. प्रौढ माणसात प्लाझ्मा असतो तीन लिटरच्या आसपास. त्यात दहा टक्के वाढ म्हणजे तीनशे ग्रॅम इथेच वाढले.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडू. सत्तर किलोच्या माणसाने तासभर झपाझप चालावं, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा साधारण २०० कॅलरी जास्त जळतात. एक किलो चरबीत असतात सुमारे ७,७०० कॅलरी. रोज न चुकता चौदा दिवस चाललात तर चरबी गेली साडेतीनशे ग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे पंधरवड्याची तपश्चर्या नुसत्या वाढलेल्या प्लाझ्मात जवळजवळ बुडाली. त्यात आदल्या रात्री लोणचं-पापड जरा सढळ हाताने झालं असेल, किंवा बाईची पाळी जवळ आली असेल, तर एका दिवसात किलोभर पाणी इकडचं तिकडे होतं. चरबी जातच असते, पण पाण्याच्या आड. ‘सात दिवसांत तीन किलो’ अशा जाहिरातींत याच्या नेमकं उलट घडतं. उपासमारीने ग्लायकोजेन संपतं, त्याचं पाणी निघून जातं, आकडा झरझर उतरतो आणि चरबी होती तिथे बहुतांशी शाबूत राहते.

चरबी जाते म्हणजे जाते तरी कुठे? या प्रश्नाने मला कायम भुरळ घातली आहे. इटलीत पादुआला सांतोरिओ नावाचे वैद्य होते. त्यांनी एक खुर्ची भल्यामोठ्या तराजूला टांगली आणि सुमारे तीस वर्षं आपलं खाणं, पिणं, मलमूत्र सगळं तोलून काढलं. १६१४ साली त्यांनी त्याचं पुस्तक केलं. हिशेब काही केल्या जुळेना. दिवसाकाठी आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर पाच पौंड न दिसताच नाहीसं व्हायचं. सांतोरिओंनी त्याला अदृश्य घाम ठरवलं. अर्धं बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर श्वासात आहे, आणि ते आजही अनेकांना खरं वाटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी २०१४ मध्ये डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि जिमच्या प्रशिक्षकांना विचारलं की चरबी जाते कुठे. बहुतेकांचं उत्तर होतं, तिची ऊर्जा होते, उष्णता होते. पण वस्तुमान असं हवेत विरत नाही. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. त्यासाठी २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. आपण अक्षरशः उच्छ्वासातून बारीक होतो. (म्हणून बसल्या बसल्या जोरजोरात श्वास घेऊन चालत नाही, चक्कर तेवढी येईल. स्नायूंनी काम करून कार्बन मोकळा केला, तरच तो बाहेर टाकता येतो.)

काम करायचं म्हणजे किती? पुणेकरांचा रविवार घ्या. आतकरवाडीपासून सिंहगडाचा माथा सुमारे ६०० मीटर उंच. सत्तर किलोचं शरीर तेवढं वर उचलायला भौतिकशास्त्राच्या नियमाने जेमतेम शंभर कॅलरी लागतात. स्नायूंना इंधनातला पाव हिस्साच कामी लावता येतो, बाकीची उष्णता होते. म्हणून खर्च चौपट धरू, चारशे. धापा टाकत, शर्ट घामाने चिंब, गुडघ्यांची कुरकुर ऐकत कमावलेल्या या चारशे कॅलरी. वर पोचल्यावर गरमागरम कांदाभजी, मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी आणि ठेचा. तीन मोठे चमचे तेलातच जवळजवळ तेवढ्या कॅलरी असतात, आणि भज्यांनी किती तेल प्यायलंय हे कुणी मोजत नाही. माझं मत विचाराल तर ती भजी सोडू नयेत. फक्त गड चढल्याने वजन उतरेल, ही अपेक्षा पायथ्याशी ठेवून जावं.

आता दुसरं अडणं. हे चार-सहा महिन्यांनी येतं, आणि त्याला पाण्याची सबब चालत नाही.

ब्रुकलिनचे डॉक्टर मॅक्स विशनॉफस्की यांनी १९५८ मध्ये एक नियम मांडला. एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी. तेवढ्या वाचवा, एक पौंड उतरेल. आपले ७,७०० त्याच नियमातून येतात आणि पंधरवड्याच्या हिशेबाला तो चालतोही. पण लांबवर ताणला की तो फसतो. रोज २४० कॅलरी कमी खाल्ल्या तर या हिशेबाने वर्षाला अकरा किलोंहून जास्त वजन जायला हवं, आणि सहा-सात वर्षांत सत्तर किलोचा माणूस नाहीसाच व्हायला हवा. तसं होत नाही, कारण लहान झालेलं शरीर कमी जाळतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणारे केव्हिन हॉल यांनी २०११ मध्ये सुधारित गणित दिलं. रोज २४ कॅलरींचा कायमचा फरक म्हणजे अखेरीस एक किलो. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, जवळजवळ सगळं तीन वर्षांत, आणि मग स्थिर. म्हणजे २४० कॅलरींचे दहा किलो, पाच वर्षभरात, मग आणखी हळू. काटा कधीतरी थांबणार हे या गणितातच आहे.

पण मग तीन वर्षांऐवजी सहा महिन्यांतच तो का थांबतो? याचं उत्तर मधुमेहाच्या एका औषधाने दिलं. कॅनाग्लिफ्लोझिन घेतलं की रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर जाते, दिवसाला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ना डाएट, ना घाम, नुसती गळती. ती वर्षभर चालू राहिली तरी वजन काही किलो उतरून थांबलं. हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा दिसलं की उतरलेल्या दर किलोमागे या लोकांचं खाणं दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढलं होतं. शरीराने खर्चात केलेल्या कपातीच्या तिपटीहून जास्त. लेप्टिन हे चरबीतून निघणारं संप्रेरक १९९४ मध्ये सापडल्यापासून एवढं माहीत आहे की चरबी घटली की मेंदूला खबर जाते. पण ही खबर इतक्या चोख हिशेबाने भुकेत उतरते, हे थक्क करणारं आहे. दर किलोमागे शंभर कॅलरी म्हणजे एखादी पोळी. ती ताटात कधी वाढली गेली, वाढणाऱ्यालाही आठवत नाही.

भुकेइतकीच लबाडी हालचालीत चालते. सकाळी जिम करून आलेला माणूस दिवसभर ऑफिसात लिफ्ट पकडतो, संध्याकाळी सोफ्यावर पसरतो आणि मुलाला म्हणतो, ‘अरे, जरा पाणी आण रे.’ काल याच पाण्यासाठी तो स्वतः उठला होता.

आणि याच्याही खाली एक थर आहे. तो कळायला टांझानियात जावं लागलं. आयासी सरोवराच्या काठी राहणारे हाद्झा लोक आजही शिकार करून, कंद खणून, मध काढून जगतात. पुरुष दिवसाला सुमारे ११ किलोमीटर चालतात, बायका सहाच्या आसपास. ते किती ऊर्जा खर्च करतात हे मोजायला हर्मन पॉन्टझर यांच्या गटाने वापरलेली युक्ती मोठी देखणी आहे. माणसाला खास पाण्याचा एक घोट द्यायचा, ज्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असतात. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याबरोबर बाहेर जातो. ऑक्सिजन मात्र पाण्याबरोबरही जातो आणि कार्बन डायऑक्साइडबरोबरही. काही दिवस लघवीचे नमुने घ्यायचे, दोघांच्या ओसरण्यातला फरक काढायचा. तो फरक म्हणजे श्वासावाटे गेलेला कार्बन, आणि त्यावरून जळलेल्या कॅलरी. नाकाला नळी नाही, अंगाला तार नाही. माणूस खुशाल रानात हिंडतो.

२०१२ साली निकाल आला. शरीराचा आकार लक्षात घेतला तर हाद्झा दिवसभरात जेवढ्या कॅलरी जाळतात, जवळजवळ तेवढ्याच अमेरिकेतला खुर्चीवर बसून काम करणारा माणूस जाळतो. पुन्हा वाचलंत तरी वाक्य तेच आहे. चालण्याला ऊर्जा लागत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. हाद्झांनाही दर पावलामागे तेवढीच ऊर्जा लागते. याचा अर्थ एवढाच की ती कुठून तरी काढून आणलेली असते.

घरात लग्न निघालं की आपण काय करतो? पगार तोच, म्हणून रंगकाम पुढे ढकलतो, नवा फ्रिज राहू देतो. पॉन्टझर यांच्या मते शरीरही खर्चाची वरची रेघ फारशी हलू देत नाही आणि काटछाट न दिसणाऱ्या खात्यांत करतं. सगळ्या शास्त्रज्ञांना हे इतक्या टोकापर्यंत मान्य नाही. २०२१ मध्ये १,७०० हून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज मधला आहे. हालचालीने वाढवलेल्या १०० कॅलरींपैकी सरासरी ७२ खरोखर दिवसाच्या खर्चात दिसतात, २८ शरीर दुसरीकडून वाचवतं. ज्यांच्या अंगावर चरबी जास्त, त्यांच्यात बचत जास्त. हा मला उघड अन्याय वाटतो, पण निसर्गाकडे तक्रारपेटी नाही.

ही छाटणी कुठल्या खात्यांत होते, त्यातच खरी गंमत आहे. एक संशय शरीरात विनाकारण धुमसत राहणाऱ्या दाहावर, दुसरा ताणाच्या संप्रेरकांवर. ही खाती ऐषारामी माणसात फुगलेली असतात आणि त्यांना कात्री लागणं फायद्याचंच. नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या रक्तात जुनाट दाहाच्या खुणा कमी सापडतात. पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबीसुद्धा व्यायामाने घटते, अनेकदा वजन हललेलं नसतानाच. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, नेमका एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. बीएमआयच्या लेखी दोघं सारखेच. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात काय दडलंय हे काट्याला विचारून कळत नाही. त्यापेक्षा कमरेला टेप लावलेली बरी.

छाटणीला मर्यादाही आहे. अति झालं की कात्री दाहावर थांबत नाही. भरपूर धावून पोटभर न खाणाऱ्या मुलींची पाळी बंद होते, जखमा भरायला वेळ लागतो. २०१५ मध्ये काही धावपटू कॅलिफोर्नियापासून राजधानी वॉशिंग्टनपर्यंत पळत गेले. आठवड्याला सहा मॅरेथॉन, तब्बल वीस आठवडे. शेवटी शेवटी त्यांचं शरीर तेच अंतर असूनही सुरुवातीपेक्षा दिवसाला सुमारे ६०० कॅलरी कमी जाळत होतं. त्यांच्या आणि इतर दीर्घ स्पर्धांच्या नोंदींवरून संशोधकांनी माणसाची दीर्घकाळ टिकणारी कमाल मर्यादा काढली. नुसतं पडून राहायला लागते त्या ऊर्जेच्या सुमारे अडीच पट. याहून जास्त जाळलं तर अन्नातून तेवढं शोषून घेणं आतड्यांना जमत नाही आणि शरीर स्वतःलाच खाऊ लागतं. त्याच आलेखावर गरोदर बाईचाही ठिपका आहे, शेवटच्या महिन्यांतला. तो आहे २.२ वर, त्या कमाल मर्यादेच्या किंचित खाली.