शेणाचा मासा कसा होतो?

गोठ्यातलं शेण अधूनमधून पाटीपाटीनं तळ्यात टाकत राहा. दहा-बारा महिन्यांनी त्याच तळ्यातून किलोभर वजनाचा कटला जाळ्यात येतो. यात जादूटोणा नाही. कटला शेण खातो, असंही नाही. मग शेणाचा मासा होतो तरी कसा?

शेण पाण्यात पडलं की आधी जिवाणू त्याचा फडशा पाडायला घेतात. ते कुजत जातं तसं त्यातलं नत्र आणि स्फुरद पाण्यात मोकळं होतं. वरून ऊन असतंच. आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरवट दिसायला लागतं. हा हिरवा रंग म्हणजे डोळ्यांना एकेकटी कधीच दिसणार नाहीत अशा असंख्य वनस्पती, म्हणजे वनस्पती प्लवंग. त्यांना खाणारे इवले जीव म्हणजे प्राणी प्लवंग. आणि त्यांना गाळून खाणारा कटला! उन्हाचं बिल येत नाही, म्हणून हा मासा स्वस्तात वाढतो.

आपल्याला नितळ पाणी आवडतं. मत्स्यशेतीत मात्र नितळ तळं म्हणजे उपाशी तळं. पाणी ‘पिकलं’ की नाही, हे कसं ओळखायचं? हात सरळ पाण्यात घालायचा आणि तळवा दिसेनासा कधी होतो ते बघायचं. पाणी कोपराला टेकताना तळवा दिसेनासा झाला, तर उत्तम. कोपराच्याही वरपर्यंत पाणी आलं तरी बोटं स्पष्ट दिसत असतील, तर शेण कमी पडलंय. मनगट बुडतानाच तळवा गायब झाला, तर हात आवरता घ्या, खत जास्त झालंय. प्रयोगशाळेतली मंडळी याच कामासाठी काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडतात. शेतकऱ्याची तबकडी त्याच्या मनगटाला जन्मापासूनच जोडलेली आहे!

आता जाळ्यात आलेल्या माशांची तोंडं जवळून बघा. कटल्याचं डोकं दांडगं आणि तोंड वर वळलेलं, कारण तो पृष्ठभागाजवळचं खातो. त्याच्या कल्ल्यांपाशी बारीक काटेरी झालर असते, तिच्यात प्राणी प्लवंग गाळले जातात. रोहूच्या ओठांना झालरीसारखी किनार, आणि तो मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं, तो तळाचा कुजका गाळ चिवडतो. एकाच चाळीत तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडं, आणि कुणाचा कुणाच्या चुलीशी संबंध नाही. म्हणून या तिघांना एकत्र वाढवायचं. दहा गुंठ्यांच्या तळ्यात पाचशे बोटुकली, म्हणजे बोटभर मासे, सोडायची, तर साधारण दोनशे कटला, दीडशे रोहू, दीडशे मृगळ. नुसता कटला भरला, तर खालचे दोन मजले रिकामेच राहतात.

या माशांच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात घशात! शिवाय खरं म्हणावं असं जठरही नाही. साठवून ठेवायची सोय नसल्यामुळे दिवसभर थोडं थोडं चरत राहायचं. त्यांचा परदेशी नातेवाईक गवत्या हा याच घशातल्या दातांनी बांधावरचं गवत कराकरा कापतो. त्याला ते धड पचतही नाही. अर्धवट पचलेलं पाण्यात पडतं आणि पुन्हा खत होतं. म्हणजे तळ्यात पोहतं शेणच!

पण ही बोटुकली आणायची कुठून? इथे खरी गंमत आहे. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या तळ्यात वाढतात, पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली भरून वाहणारी नदी लागते. म्हणून पूर्वी नदीतून मत्स्यबीज गाळून आणावं लागे, आणि त्या सरमिसळीत इतरांना खाणारे मासेही तळ्यात येत. हे कोडं सुटलं ओडिशात. 10 जुलै 1957 रोजी हीरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांना यश आलं. माशाच्या मेंदूखालच्या इवल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क त्यांनी प्रौढ मादी-नराला टोचला. पूर नाही, वाहतं पाणी नाही, तरी माशाच्या शरीराला वाटलं की वेळ आली! अशी टोचलेली मादी काही तासांत अंडी देते, तीही लाखांत, आणि साधारण दिवसभरात त्यांतून पिल्लं बाहेर येतात. आज आपल्या बाजारात कटला-रोहूचे ढीग लागतात, त्यामागे ही तांदळाच्या दाण्याहून लहान ग्रंथी आहे. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो त्यामुळेच.

आता एक उलटी गोष्ट. दिवसा जे हिरवं पाणी माशांना प्राणवायू पुरवतं, तेच रात्री तो ओढून घेतं. अंधारात वनस्पतीही फक्त श्वास घेतात ना! म्हणून तळ्याची सर्वांत अवघड वेळ पहाटेची. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर समजा त्यांचा जीव गुदमरतोय. लगेच पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा, जमलं तर ताजं पाणी सोडा. शेण आणि खाद्य त्या दिवशी बंद. सलग ढगाळ दिवसांत तर हे फार सांभाळावं लागतं. ज्याला पहाटे तळ्यावर चक्कर मारायचा कंटाळा आहे, त्यानं या धंद्यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांची गोष्ट थोडी वेगळी. कागदामुळे मातीचा संबंध तुटतो, तळाचं नैसर्गिक खाद्य कमी तयार होतं आणि बिचाऱ्या मृगळाची पंचाईत होते. तिथे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समसमान मिसळून जास्तीचं खाद्य द्यावंच लागतं.

बोटुकली आणली की पिशवी लगेच फोडू नका. वीसेक मिनिटं ती तळ्यात तरंगू द्या, आतलं-बाहेरचं तापमान जुळलं की तोंड सोडा, पिल्लं आपणहून बाहेर पडतील. आणि तळ्यातलं ते हिरवं पाणी ओढ्यात सोडू नका, पिकाला द्या, त्यात खत आहे.