कणमय पदार्थांतील अंतर्गत बलांचे मापन व मुक्त संगणक आज्ञावली : एक परिचय

प्रस्तावना :
जळकोट तालुक्यासह लातूर जिल्ह्यात तूर व सोयाबीन ही प्रमुख पिके होत. कणगीत किंवा गोदामात साठविलेल्या धान्याचा भार तळापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न येथील शेतीशी निगडित आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतच जातो. धान्याचा मात्र नाही. भिंती घर्षणाने भाराचा काही हिस्सा पेलतात, हे जान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये दाखविले. तथापि दोन दाण्यांमधील बल प्रत्यक्ष मोजणे दीर्घकाळ दुष्कर होते. त्यावरील एका पद्धतीचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

मापनाचे तत्त्व :
काही पारदर्शक पदार्थ दाबले असता ध्रुवित प्रकाशात त्यांत उजळ व काळे पट्टे उमटतात. दाण्यांऐवजी पॉलियुरेथेनच्या चकत्या दोन ध्रुवकांमध्ये ठेवून दाबल्यास काही चकत्या उजळतात, तर शेजारच्या काळ्याच राहतात. भार सर्वत्र सारखा न पसरता 'बलशृंखलां'मधून वाहतो, हे यावरून स्पष्ट होते. ड्यूक विद्यापीठातील मजमुदार व बेहरिंगर यांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रत्येक स्पर्शबिंदूवरील लंब व स्पर्शीय बलांची मापने प्रसिद्ध केली.

आज्ञावलीचे कार्य :
डॅनियल्स, कोल्मर व पकेट यांनी २०१७ मध्ये या पद्धतीचा सविस्तर आढावा प्रकाशित केला. 'पेग्स' ही आज्ञावली गिटहबवर खुली आहे. ती छायाचित्रातून चकत्यांची केंद्रे व स्पर्शबिंदू शोधते, बलांचे अंदाज गृहीत धरून पट्ट्यांचे कृत्रिम चित्र रचते आणि मूळ चित्राशी फरक किमान होईपर्यंत अंदाज सुधारते. चकतीवरील बलांचा समतोल ही येथील महत्त्वाची अट होय.

मर्यादा :
ही पद्धत मुख्यतः द्विमितीय, वर्तुळाकार चकत्यांपुरती आहे. तुरीच्या दाण्यास ती थेट लागू पडत नाही. शिवाय आज्ञावली खुली असली तरी ती मॅटलॅब या विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीवर आधारित आहे. ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने ही अडचण गौण नव्हे.

निष्कर्ष :
येथे बल थेट वाचले जात नाही. ते गणनेतून अनुमानित होते. म्हणून गणनेची कृती तपासता येणे ही विश्वासार्हतेची पूर्वअट ठरते. प्रारंभी ज्ञात वजने ठेवून पट्ट्यांच्या दाटीवरून सरासरी बल काढण्याचा सोपा प्रयोग कॅमेरा, ध्रुवक व मोजक्या चकत्यांवर करता येतो. भौतिकशास्त्र, गणित व संगणकशास्त्र विभागांनी तो संयुक्तपणे हाती घेणे उपयुक्त ठरेल.