कादंबरी किती पानांची हवी? ८० हजार शब्दांचा हिशेब मराठीला का लागू पडत नाही

चौसाळ्यात बसून ऊसतोडीवर कादंबरी लिहायला घेतली, तर थांबायचं कुठे? मोबाइलवर शोधलं की साधारण ८० हजार शब्दांचा आकडा येतो. पण तो इंग्रजीचा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘घरातल्यांसाठी’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाच होतात. म्हणजे तीच गोष्ट मराठीत बऱ्याच कमी शब्दांत बसते.

मग माप कसलं? गोष्टीत किती काळ आणि किती माणसं आहेत, त्याचं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) एका शिक्षकाभोवती, एका वस्तीभोवती फिरते. पुस्तक लहानसंच आहे. भालचंद्र नेमाडेंच्या ‘हिंदू’मध्ये (२०१०) पिढ्यांचा पसारा आहे, पानं सहाशेवर गेली.

कोयता उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास निघतो, गाळप संपलं की परततो. या एका हंगामाला दीड-दोनशे पानं पुरावीत. बापाची उचल मुलगा फेडतोय, हे दाखवायचं असेल तर नाही पुरणार.

पहिला खर्डा होईपर्यंत आकडा ठरवूच नये. नंतर एकेक प्रकरण बाजूला काढून वाचावं. पुढचं काही अडलं नाही, तर ते गाळावं. जिवावर येतं, पण पानं वाढली की छपाईचा खर्च आणि किंमतही वाढते. दिवाळी अंकाला द्यायची असेल, तर मात्र जागा किती मिळेल हे संपादकांना आधीच विचारावं.